टीव्ही तोच, कायदा मात्र राज्यागणिक वेगळा

रिसायकलिंगला दिलेला जुना टीव्ही कॅलिफोर्नियात पटकन घेतात आणि पेन्सिल्व्हेनियात कुणी हात लावेना, असं का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, तर अमेरिकेत ई-कचरा रिसायकलिंगचा देशभर लागू असा एक कायदाच नाही, निम्म्याएक राज्यांनी आपापला केलाय. कॅलिफोर्नियात २००५ पासून स्क्रीनवाली वस्तू घेतानाच फी घेतात, बिलात वेगळी ओळ दिसेल बघा, आणि त्या फंडातून गोळा करणाऱ्याला, रिसायकल करणाऱ्याला पैसे मिळतात, म्हणून ते आनंदाने घेतात. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा २०१० चा, त्यात खर्च वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर पण वजनाच्या टार्गेटपुरताच, म्हणजे ठरलेल्या वजनाचा ई-कचरा गोळा होईपर्यंतच, टार्गेट भरलं की पुढचा पैसा बंद. वर गिऱ्हाईकाकडून फी घ्यायला मनाई आणि २०१३ पासून टीव्ही कचऱ्यात टाकायलाही बंदी! जुन्या डबा टीव्हीच्या काचेत किलो-दोन किलो शिसं असतं, ते काढायला खर्च येतो, तो कोण करणार? बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने २०१६ मध्ये बऱ्याच राज्यांत जुना टीव्ही घ्यायचे २५ डॉलर लावले, पण पेन्सिल्व्हेनिया नि इलिनॉयमध्ये टीव्ही घेणंच थांबवलं. लोकांनी मग रस्त्याकडेला टाकले. शेजारच्या ओहायोत तर असा कायदाच नाही.

मला वॉशिंग्टन राज्याचं सगळ्यात पटतं, तिथे नुसतं वजन नाही बघत, प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि दहा हजारांवर वस्तीच्या प्रत्येक शहरात कलेक्शनची सोय हवीच, पैसे कंपन्यांचे, माणसाला फुकट. पेन्सिल्व्हेनियाने हेच करायला हवं होतं.