प्रतिसाद: कुलूप किती वाजता?

वर कुणी म्हटलंय, वस्तीतलं समाजकेंद्र संध्याकाळी सहा वाजेपर्यंत उघडं असलं की झालं. मला नाही पटत. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात, म्हणजे वेश्यावस्तीत, 'प्रेरणा' संस्थेने १९८८ साली तिथल्या मुलांना रात्री सांभाळणारं नाईट केअर सेंटर काढलं ते नेमकं याच कारणासाठी. आई धंद्यावर असते ती रात्री, आणि पोराला जागा हवी तीही तेव्हाच. एरवी ते पलंगाखाली नाहीतर रस्त्यावर. केंद्रात जेवण, अभ्यास, झोप, सकाळी शाळा. मूल आईपासून तुटत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

शेजारीच नागपाडा नेबरहूड हाऊस, हेही वस्तीतलं समाजकेंद्रच. तिथेच १९३६ मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली (हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं!). आपल्याकडची समाजमंदिरं मात्र रात्री उघडतात ती लग्नाच्या पंगतीपुरती. निदान दहावीच्या पोरांना तरी रात्री अभ्यासाला किल्ली द्या.