अनुभव धागा : पोरांना कराडचं ‘विरंगुळा’ दाखवायला नेताना

यळ्ळूरचा वाचक
वाचनालयाचं कपाट आवरताना सहलींची जुनी वही हाताला लागली. पहिल्याच पानावर लाल शाईत एक ओळ : ‘कराड. घर लहान, पोरं फार. पुढच्या खेपेला टोळ्या करणे.’ ती ओळ वाचली आणि वाटलं, हे सगळं एका जागी लिहून ठेवायला पाहिजे. तरुण मंडळ, बालवाचक गट, सेवादल, एनएसएस, आपल्या बेळगाव भागातून ज्यांनी म्हणून यशवंतराव चव्हाणांचं कराडचं घर ‘विरंगुळा’ दाखवायला पोरं नेलीत त्यांनी लिहा. सुरुवात मी करतो.

‘विरंगुळा’ हे राहतं घर होतं. संग्रहालयासारखे रुंद बोळ, येण्याचं एक दार आणि जाण्याचं दुसरं, असलं काही धरून जाऊ नका. चाळीस पोरं एकदम आत सोडली की पुढची दहा बघतात, मागची तीस एकमेकांची पाठ बघतात आणि दहा मिनिटांत दंगा सुरू होतो. तेव्हा दहाची टोळी, पंचवीस मिनिटं, सोबत एक मोठं माणूस.

४० पोरं आणि ६ मोठी माणसं असा हिशेब धरा. बसनं आधी दोन टोळ्या घरापाशी उतरवायच्या आणि उरलेल्या दोन प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी, न्यायच्या. घरापाशी एक टोळी आत, दुसरी बाहेर बसून घराचं चित्र काढते. पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. तासाभरानं बस दोन्हीकडची पोरं बदलते. सगळं मिळून सव्वादोन तास लागतात. सहातली चार माणसं टोळ्यांना आणि दोन फक्त पाण्यापाशी. त्या दोघांना दुसरं कसलंही काम सांगायचं नाही, फोटोसुद्धा नाही.

निपाणी नाका
बरं झालं धागा काढला. गाडीचं सांगतो, कारण सहल फसते ती गाडीत.

बेळगाव ते कराड साधारण १८५ किलोमीटर. निपाणीकरांना ११० च्या आसपास. हत्तरगी, कोगनोळी, किणी असे तीन टोल. तासवडे कराडच्या पुढं आहे, तो लागत नाही, त्यामुळे कुणी चार टोल लावले असतील तर हिशेब परत मागा. कागलच्या पुढं सहापदरीच्या कामाची वळणं लागू शकतात. बेळगावातून साडेपाचला निघालात तर चहा-नाष्टा धरून पावणेदहा-दहा.

महामंडळाची बस कॅज्युअल काँट्रॅक्टवर (म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं) घेताना दोन गोष्टी विचारा. किलोमीटर डेपोतून डेपोपर्यंत मोजतात, तुमच्या गल्लीपासून नव्हे. आणि रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, गाडी कमी पळाली तरी तेवढे पैसे जातातच. म्हणून यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे जोडून घेतलेलं परवडतं.

खाजगी गाडी असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट डोळ्यांनी बघा. ते नसेल तर महाराष्ट्राचा तात्पुरता परवाना काढून कर भरावा लागतो. तो आदल्या दिवशीच करून घ्यायचा, पहाटे नाक्यावर पोरं बसवून नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेऊ नका. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

चिकोडी अक्का
तारीख कुणीच लिहिली नाही अजून!! आपल्याकडं तीच पहिली बघायची. १ नोव्हेंबर नको, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं ते डिसेंबरचे दिवस नकोत. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसट्या कोगनोळीवर थांबतात, पोरं अडकतात. २५ नोव्हेंबर म्हणजे साहेबांची पुण्यतिथी, १२ मार्च जयंती. दोन्ही दिवशी समाधीवर मोठी माणसं, बंदोबस्त, गर्दी. श्रद्धेनं जायचं तर जावा, पण पोरांना घर दाखवायचं असेल तर मधला साधा वार बरा. जुलै-ऑगस्ट नकोच, कृष्णा फुगलेली असते.

खानापूर वेस
अक्का बरोबर. त्यात एक भर : रविवार धरला तर तिथं माणूस असेल का हे आधी विचारा. पत्र पंधरा दिवस आधी, मग चार दिवस आधी फोन, मग आदल्या संध्याकाळी परत फोन. पत्रात पोरांची संख्या, वयोगट, पोचायची वेळ आणि ‘दहा-दहाच्या टोळीनं येऊ’ हे वाक्य घालाच. ते वाचलं की समोरचा माणूस निर्धास्त होतो, वेळही जास्त देतो.

शाळेतर्फे असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी आणि एसडीएमसीचा (शाळेच्या देखरेख समितीचा) ठराव. मंडळातर्फे असलं तरी पालकांची संमती लेखी घ्या. आमच्या भागात ती एकाच कागदावर मराठी आणि कन्नड दोन्हींत छापतात, म्हणजे कुणा पालकाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत नाही. पोरांच्या यादीच्या चार प्रती : ड्रायव्हर, पुढारी, मागचं सीट, आणि गावात राहणारं एक माणूस.

ऊसकरी
येताना उशीर करू नका भावांनो. नोव्हेंबर ते मार्च गाळप चालू. अंधार पडला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. कराडहून दुपारी तीनला चाक हललंच पाहिजे. देवराष्ट्रे केलं तर अडीचला तिथून बाहेर.

यळ्ळूरचा वाचक
@ऊसकरी हे वहीत नव्हतं, लिहून घेतलं.

हिंडलगा मास्तर
पोरांच्या हातात काय द्यायचं ते सांगतो. नुसतं ‘बघा’ म्हटलं तर पाचव्या मिनिटाला बघून होतं.

अर्धा कागद, चारच प्रश्न. आणि मोबाईलवर सापडतील असले नकोत. दिवा न लावता दुपारी कुठल्या खोलीत वाचता येईल? दाराची चौकट तुमच्या डोक्याच्या किती वीत वर आहे? फोटोंत यशवंतरावांच्या शेजारी बसलेल्यांपैकी कुणाचा वेश आपल्या गावातल्या माणसासारखा आहे? या घरात पाहुणा आला तर कुठं बसेल? असं विचारलं की पोरगं खिडकीपाशी जाऊन उभं राहतं, उजेड बघतं. जन्म, मृत्यू, पदं हे शाळेत आधीच करून घ्यायचं.

लिहायला पेन्सिल, शाईचं पेन नको. आणि प्रत्येकाला लिहिण्यापुरता पुठ्ठा द्या, जुन्या कॅलेंडरच्या मागचा चालतो. पुठ्ठा नसला की पोरं कागद भिंतीला नाहीतर काचेला टेकवून लिहितात. मग भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, काचेवर कोपराचे डाग, आणि घर सांभाळणारा माणूस नाराज. तो नाराज झाला की पुढच्या टोळीला काही सांगत नाही. एवढी एक पुठ्ठ्याची गोष्ट सांभाळली तरी निम्मं काम होतं.

शाळेत करायचं म्हणजे असं : ७१ सेंटीमीटरची सुतळी, एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. एक टोक १९१३. १९ च्या जरा अलीकडं गाठ, १९३२, झेंडा फडकावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा. २९ वर १९४२, चळवळ, आणि त्याच वर्षी वेणूताईंशी लग्न. ४७ वर १९६०, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. ४९ वर १९६२, चीनचं युद्ध आणि संरक्षण खातं. सोळा-सतरा वर्षांची पोरं स्वतःच्या वयाला बोट ठेवतात आणि पुढची गाठ किती जवळ आहे ते बघतात. तिथं गप्प होतात. मग घर बघायला नेलं की ते घर त्यांना वेगळं दिसतं.

खानापूर वेस
सर, सुतळीचं फार आवडलं. कन्नड माध्यमातली पोरं सोबत असतील तर?

हिंडलगा मास्तर
प्रत्येक टोळीत दोन्ही भाषा येणारं एक पोरगं घाला. माहिती मराठीत असली तरी ते हळू आवाजात सांगत राहतं, आणि सांगता सांगता त्याचं स्वतःचं पक्कं होतं. वेगळी कन्नड टोळी करू नका, ती कोपऱ्यात पडते.

चिकोडी अक्का
आणि डबा? डब्यावर कुणी लिहिणार की नाही 😀

माळमारुतीची वहिनी
अक्का मी लिहिते, चूल पेटवून बसलेच आहे. पुरी-भाजी नको. बटाट्याची भाजी बंद डब्यात, बंद बसमध्ये दुपारपर्यंत आंबूस होते. दहीभात तर मुळीच नको. दशमी करा. ज्वारीचं पीठ दुधातच मळायचं, पाणी घालायचं नाही, मग दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत शेंगाचटणी. दोन वाट्या भाजलेले शेंगदाणे, बारा-पंधरा पाकळ्या लसूण, दोन चमचे ब्याडगी तिखट, मीठ. खलबत्त्यात कुटा. मिक्सर सलग फिरवला तर तापून तेल सुटतं आणि लगदा होतो. मिक्सरच असेल तर थांबत थांबत. ४० पोरांना सव्वा किलो शेंगदाणे पुरतात. मधल्या भुकेला चिरमुरे आणि गूळ.

चिकोडी अक्का
ब्याडगीला रंग असतो, तिखटपणा कमी, मी त्यात अर्धा चमचा लवंगी घालते.

माळमारुतीची वहिनी
लहान पोरं असतील तर नको गं. पाणी पाणी करत बसतात आणि मग गाडी दर अर्ध्या तासाला थांबवावी लागते.

निपाणी नाका
थांबण्यावरून : ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या तीन ओळींत बसवा, मागच्या चाकावरच्या सीटांवर नको. तोंडात आलेपाक, खिडकी उघडी, मोबाईल बंद. प्लास्टिकच्या पिशव्या सीटगणिक आधीच लावून ठेवा. उलटी आल्यावर पिशवी शोधायला गेलात की उशीर झाला.

कुडची पूल
प्रीतिसंगमाबद्दल आपल्या पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कराडात समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. समाधीच्या बाजूनं उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. तेच पाणी सांगली, नृसिंहवाडी करत आपल्या चिकोडी, रायबाग, अथणीत येतं. कोयनेतून पाणी सोडलं की आपल्या नदीकाठच्या गावांना का धडकी भरते, हे नकाशापेक्षा तिथं उभं राहून लवकर कळतं.

पण घाटावर शेवाळ असतं आणि पायऱ्या संपल्या की खोली एकदम वाढते. पाय धुवायलासुद्धा खाली सोडू नका. तांब्या भरून आणा, वर धुवा. चप्पल पाण्यात गेली तर गेली म्हणायची, हे बसमध्येच बजावून ठेवा. पोरगं चपलेमागं जातं, तिथंच घात होतो.

यळ्ळूरचा वाचक
चपलांवरून आठवलं. घराबाहेर चाळीस जोड एकत्र निघाले की शोधण्यात वीस मिनिटं जातात. टोळीगणिक एक रिकामं पोतं ठेवा, वेगळ्या रंगाच्या सुतळीनं तोंड बांधा.

ऊसकरी
देवराष्ट्रेला जायचं का मग? की वेळ वाया?

कुडची पूल
जावा की. कराडहून तासगाव रस्त्यानं पाऊण-एक तास. ते त्यांचं आजोळ, जन्म तिथला. ‘विरंगुळा’ आधी बघायचं आणि जन्मघर नंतर, उलट करू नका. मोठेपणीचा बंगला बघून आल्यावर ते खेड्यातलं घर पोरांच्या मनात ठसतं. गावात मोठी बस आत घालायचा हट्ट धरू नका, वळवायला जागा मिळत नाही, बाहेर थांबवून चालत जा. शेजारी सागरेश्वरचं अभयारण्य आहे, पण ते त्याच दिवशी घेतलंत तर ऊसकरी म्हणतात तो अंधार गाठतो.

कोकणवाट
रत्नागिरीचं टिळक जन्मस्थानही असंच दाखवता येतं. टिळक आळीत, २३ जुलै १८५६ चा जन्म, दहाव्या वर्षी पुण्याला गेले, म्हणजे ते खरोखर लहानपणाचं घर. आणि बेळगावशी नातं आहेच, होमरूल लीगची स्थापना त्यांनी १९१६ च्या एप्रिलात इथंच केली. पण आंबा घाटानं जायचं, वळणं फार, एका दिवसात परत येणं होत नाही. मुक्काम धरा. तिथंही दहाचीच टोळी.

हिंडलगा मास्तर
आधी घरच्या घरी तालीम करायची असेल तर टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आणि वीरसौध. १९२४ चं बेळगाव अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. अर्ध्या दिवसाचं काम, बस नको. टोळ्या, पुठ्ठे, शिट्टीवर गोळा होणं सगळं तिथं एकदा करून बघा. कुठली टोळी पांगते ते कळतं, मग कराडला जाण्याआधी नावं बदलता येतात.

टिळकवाडी तिसरं गेट
सगळं वाचून काढलं, भाकरी करपली 🙏 आमच्या मंडळाची २८ पोरं आहेत, तीन टोळ्या करू ना?

यळ्ळूरचा वाचक
तीनच. नऊ, नऊ, दहा. घरात एक, घराबाहेर चित्रं काढायला एक, संगमावर एक, आणि फिरवत राहा. फेऱ्या वाढतात, तेव्हा ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवा. तो जेवायला निघून गेला की सगळं वेळापत्रक कोसळतं. पाण्यापाशी दोघं मात्र कमी करायचे नाहीत.

टिळकवाडी तिसरं गेट
ठीक. आणि मास्तर, सुतळी ७१ की ७२? पोरं भांडायला लागलीत.

हिंडलगा मास्तर
१२ मार्च १९१३ ते २५ नोव्हेंबर १९८४. ७१ पुरी, वर साडेआठ महिने. सात मिलिमीटर जास्त ठेवा.