आईला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न्यायचंय, झेपेल का?

वाशीमकर
जय भीम. बाबा दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी दादरला जाऊ. पण डिसेंबरात कापूस वेचणीला आलेला असतो, मजूर मिळत नाही, आणि आमचं ६ डिसेंबर गावातल्या विहारातच व्हायचं. सकाळी वंदना, संध्याकाळी मेणबत्त्या. या पावसाळ्यात बाबा गेले. आई एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिनं एवढंच सांगितलं, "त्यांचं राहिलं, माझं तरी होऊ दे." अकोल्याहून गाडीनं यायचा विचार आहे. रांगेत तिचा निभाव लागेल का? कोणत्या दिवशी यावं? हार आणावा की वह्या-पेन? आणखी एक. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर गेल्या वर्षी एकानं "महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा" टाकलं होतं. मला वाईट वाटलं, पण काय लिहायला हवं ते नीट सांगता आलं नाही.

नागपूरचा
जय भीम दादा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुडघे दुखत असतील तर ६ तारखेचा हट्ट नको. चैत्यभूमी वर्षभर उघडी असते. जानेवारीत या, शांतपणे बसू द्या त्यांना. नाहीतर आमच्या दीक्षाभूमीवर या, तुम्हाला जवळही पडेल.

नायगावची बाई
जय भीम. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. नायगावात जन्म गेला. आमच्या एका खोलीत दर डिसेंबरला मराठवाड्याची, विदर्भाची दहा-पंधरा माणसं उतरायची, म्हणून थोडं अधिकारानं लिहिते.

नागपूरच्या दादांचं म्हणणं तब्येतीच्या हिशेबानं बरोबर आहे, पण तुमच्या आईला जागा बघायची नाहीये, तिला त्या दिवशी तिथं असायचंय. तेव्हा ५ तारखेला सकाळी दादरला उतरा. ५ च्या संध्याकाळपासून रांग वाढत जाते आणि मध्यरात्रीनंतर पुढे सरकतच नाही असं वाटतं. सकाळी लवकर रांगेत लागा. समता सैनिक दलाची मुलं-मुली असतात, त्यांना गुडघ्याचं सांगा, म्हाताऱ्या माणसांना ती सांभाळून घेतात. घडीचं छोटं स्टूल मात्र घरूनच आणा. स्तूपात थांबू देत नाहीत, वाकलं की पुढे चला. हे आईला आधीच सांगून ठेवा. इतक्या लांबून आलेली बाई त्या दोन क्षणांनी हिरमुसते, मी पाहिलंय.

मग शिवाजी पार्कात मंडपात बसवा तिला. पाणी, दवाखाना, शौचालयं सगळं असतं, जेवणही संस्था देतात. ६ तारखेला तिथंच बसून राहिलात तरी चालेल, मोठ्या पडद्यावर दर्शन दिसतं. आणि जमलं तर दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृहावर न्या. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर आहे ते. परतीचं तिकीट आधीच काढा, ६ च्या रात्री दादर स्टेशनात आईला घेऊन धक्के खाऊ नका.

आता शब्दाचं. हा दिवस "साजरा" होत नाही आणि त्याच्या शुभेच्छा नसतात. आम्ही "विनम्र अभिवादन" लिहितो. ग्रुपवरच्या माणसाला एकट्यात सांगा. बहुतेकांना ठाऊक नसतं, सांगितलं की बदलतात.

माझी आई १९५६ साली अकरा वर्षांची होती. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले, विमानानं त्यांना मुंबईत आणलं, आणि रात्रभर माणसं राजगृहासमोर उभी होती. ७ तारखेला अंत्ययात्रा परळवरून दादर चौपाटीला गेली. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांनी आईला खांद्यावर घेतलं होतं. ती सांगते, "ट्रक आला तसं आण्णांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं दमले. ते रडत होते. मला फुलं दिसली, बाबासाहेब दिसले नाहीत." इतकंच सांगते, पुढे बोलत नाही.

१६ डिसेंबरला मुंबईत धम्मदीक्षेचा कार्यक्रम ठरला होता, बाबासाहेबांच्या हस्ते. तो राहिला. पण चौपाटीवर चितेसमोरच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. रडता रडता लोकांनी त्रिसरण म्हटलं. आमच्या घरात आजोबा त्या दिवशी बौद्ध झाले. म्हणून "दुःखाचा दिवस की अभिमानाचा" असं कुणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही, दोन्ही एकाच वाळूवर झालंय. स्तूप नंतरचा, १९७१ चा.

हार आणू नका असं मी म्हणणार नाही. पण एक वही, एक पेन आणाच, ती गरजू मुलांना जातात. आणि पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून काहीतरी घेऊन जा. आमच्याकडे उतरणारी एक आजी लिहितावाचता न येणारी होती. दरवर्षी एक पुस्तक घ्यायची, लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि नातीकडून वाचून घ्यायची.

नागपूरचा
ताई, पटलं. माझा शब्द मागे घेतो. वाशीमकर, नागपूरहून मध्य रेल्वेच्या जादा गाड्या सोडतात, त्यांचं वेळापत्रक नोव्हेंबरच्या शेवटी बघत राहा. अकोल्याला गाडी येईपर्यंत भरून येते, म्हणून आरक्षण मिळालं तरच आईंना घेऊन निघा.

वाशीमकर
ताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. मध्येच थांबवून तिनं आजोबांचं परत वाचायला लावलं. ५ ची सकाळ ठरली. स्टूल लहान बहिणीच्या मुलाचं आहे, ते घेतो. बाबांची बावीस प्रतिज्ञांची पुस्तिका पार फाटलीय, तिथं नवी घेऊ. आई विचारतेय, ट्रकवरची फुलं कसली होती? आमच्या दारात शेवंती आहे.

नायगावची बाई
आत्ताच आईला उठवून विचारलं. म्हणाली, पांढरी होती एवढंच आठवतं. शेवंती आणा. ओल्या फडक्यात गुंडाळा, म्हणजे अकोल्यापासून टिकेल. आणि दादरला उतरलात की आधी आमच्याकडे चहाला या, तळमजलाच आहे, जिना नाही.