हातरोलरवर चांदीच्या पट्टीला कडेने चिरा का पडतात?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. घरामागच्या पडवीत मी चांदीचे लहान काम करतो. यंदा हाताने फिरवायचे जुने रोलर मशीन घेतले. त्याचे रोल मधोमध सपाट असून एका बाजूस चौकोनी तारेच्या खाचा आहेत. ९२.५ टक्क्यांची ५० ग्रॅम चांदी मुशीत वितळवून मी २० मिमी रुंद व ४ मिमी जाड पट्टी ओततो आणि सुरुवातीला एकदा ताव देऊन (मऊ होण्यासाठी तापवून) लाटायला घेतो. अडीच मिमीपर्यंत काम सुरळीत होते; त्यानंतर मात्र कडांना केसाएवढ्या चिरा पडतात आणि पट्टी सरळ न जाता कोयत्यासारखी डावीकडे वळते. हा दोष मशीनचा की माझ्या हाताचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (जळगाव)

भाऊ, आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत.

चिरा मशीनमुळे पडलेल्या नाहीत. चांदी लाटली की कडक होत जाते आणि जाडी जवळजवळ निम्मी झाली की तिला पुन्हा ताव द्यावाच लागतो. आपण चारवरून खाली येताना एकाच तावावर सगळे काम काढू पाहता. दोन मिमीला एकदा आणि एक मिमीला पुन्हा एकदा, असा क्रम ठेवावा. ताव देताना पडवीचा पडदा ओढून घ्यावा, कारण आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात धातूची मंद लाली डोळ्यांना दिसतच नाही आणि माणूस नकळत जास्त तापवतो. सुमारे ६०० ते ६५० अंशांना, म्हणजे अंधारात जेमतेम लाल दिसू लागताच, ज्योत काढावी. अति तापलेल्या चांदीचे कण मोठे होतात आणि पुढे तिचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. लाली विझल्यावर पट्टी पाण्यात बुडवावी, टाकणखाराचा काचेसारखा थर पूर्ण काढावा आणि फडक्याने कोरडी करूनच ती रोलमध्ये घालावी. त्या थराचा एक कण राहिला तरी रोलवर ओरखडा उठतो आणि तो पुढच्या प्रत्येक पट्टीवर उमटत राहतो.

चीर दिसली की तिथेच थांबावे. कानसीने ती मुळापर्यंत काढून, ताव देऊन मगच पुढे जावे. तशीच लाटली तर ती आत सरकत जाते. आपली चांदी मोडीची असेल तर जुनी झाळ (सांधे जोडायला वापरलेला धातू) कापून वेगळी करावी, कारण तिच्यात शिसे किंवा कथील असल्यास ताव कितीही नीट दिला तरी पट्टी ठिसूळच राहते. साचाही कोमट करून, तेलाचा हात फिरवून घ्यावा; थंड साच्यात ओतलेल्या पट्टीत घड्या राहतात आणि त्याच पुढे चिरा म्हणून उघडतात.

पट्टी डावीकडे वळते, याचा अर्थ उजवी बाजू अधिक दाबली जाऊन लांबते आहे. दोन्ही कडांची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. जुन्या मशीनमध्ये दोन्ही स्क्रू जोडणाऱ्या वरच्या चक्राचा एखादा दात सरकलेला असतो. ते चक्र उचलून एका बाजूचा स्क्रू किंचित फिरवला की फरक निघतो. एका खेपेत दशांश-दोन दशांश मिमीच घ्यावे. हँडल ओढताना कंबर वाकवावी लागत असेल, तर घेतलेली खेप जास्त आहे असे समजावे.

उत्तर २ (शहादा)

आमच्याकडे सातपुड्यातील पावरा-भिल्ल समाजाच्या दागिन्यांसाठी चांदीची तार बरीच लागते, म्हणून खाचांविषयी लिहितो. प्रत्येक खेपेला तार पाव वळसा फिरवून घालावी आणि मोठ्या खाचेतून एकदम लहान खाचेत उडी मारू नये. तसे केल्यास धातू दोन रोलच्या मधून बाहेर येऊन दोन्ही बाजूंना पातळ पाख धरतो. पुढच्या खेपेत तो पाख आत दुमडतो आणि तार जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढताना नेमकी तिथेच सोलून निघते. पाख दिसताच कानसावा.

उत्तर ३ (धुळे)

मशीन हलत्या टेबलावर असेल तर ते भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्के करावे. पोलादी तार किंवा पत्रा रोलमध्ये कधीही घालू नये. काम संपल्यावर रोल तेलाच्या फडक्याने पुसावेत आणि पावसाळ्यात ते एकमेकांना टेकवून ठेवू नयेत.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जाडी मोजली असता डावी कड २.४४ मिमी आणि उजवी २.३१ मिमी भरली. वरचे चक्र खरोखरच एक दात सरकलेले होते. ते नीट बसवून, नवीन पट्टी दोन वेळा ताव देऊन लाटली. ती आता एक मिमी जाडीची, चोवीस सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि सरळ आली आहे. एका टोकाला बोटभर अंतरात अजून दोन चिरा आहेत. ओतताना धार तिथेच तुटली होती.