अ‍ॅग्नेस मूरहेड – 'सॉरी, राँग नंबर' वाली बाई आधी काय करायची?

चांदणी_रात्र

यूट्यूबवर भटकताना 'सॉरी, राँग नंबर' ही जुनी अमेरिकन श्रुतिका सापडली, सीबीएस या रेडिओ नेटवर्कच्या 'सस्पेन्स' मालिकेतली, १९४३ ची. अर्ध्या तासाचीच आहे पण हेडफोन लावून ऐकली आणि पार वाट लागली माझी. आजारी, सतत अंथरुणावर असलेली एक बाई रात्री घरात एकटी, नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर मिळत नाहीये, ऑपरेटरला लावून द्यायला सांगते तर क्रॉस कनेक्शन लागतं आणि दोन माणसं कुणाचा तरी खून ठरवताना ऐकू येतात. मग ती ऑपरेटर, पोलीस, जो भेटेल त्याला फोन करत सुटते. पुढचं सांगत नाही, ऐकाच.

बाईचं काम अ‍ॅग्नेस मूरहेडने केलंय. नाव शोधलं तर 'बिविच्ड' या टीव्ही मालिकेतली एन्डोरा, ती खवट सासू, ती हीच निघाली!! मला काही केल्या दोन्ही एकच वाटेनात. तर प्रश्न असे की रेडिओत ही आली कुठून, आणि १९४८ ला याच नाटकावर सिनेमा निघाला त्यात हिला सोडून बार्बरा स्टॅनविकला का घेतलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_ट्रान्झिस्टर

आधी मास्तरीण होती. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, जन्म १९०० चा (जुन्या मासिकांत १९०६ दिसेल, नट्यांचं वय हा सगळीकडचाच घोटाळा). काही वर्षं शाळेत शिकवून मग न्यूयॉर्कला अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्सला गेली, तिथून १९२९ ला बाहेर पडली आणि नेमकी त्याच वर्षी मंदी आली. रंगभूमीवर कामं मिळेनात, रेडिओला मात्र रोज नवीन आवाज हवे होते, म्हणून ही तिकडे वळली.

रेडिओत चेहरा आणि वय आडवं येत नाही याचा हिने पुरेपूर फायदा घेतला, म्हातारी म्हणू नका, मोलकरीण म्हणू नका, काय वाट्टेल ते केलं. 'मार्च ऑफ टाइम' म्हणून बातम्या नाट्यरूपात सादर करायचा कार्यक्रम होता, त्यात खऱ्या माणसांची कामं नट करायचे, हिच्याकडे एलिनॉर रूझवेल्ट असायची. म्हणजे राष्ट्राध्यक्षांची बायको व्हाइट हाउसमधे बसलेली आणि इकडे ही तिच्या आवाजात बोलतेय, विचार करा!

१९३७ ला 'द शॅडो' या रेडिओ मालिकेत नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सबरोबर मार्गो लेनचं काम केलं. वेल्सच्या मर्क्युरी थिएटर या नाटक कंपनीच्या गोतावळ्यातलीच ती, तो हॉलिवूडला गेला तेव्हा त्या गोतावळ्यातले बरेच जण तिकडे गेले. त्याच्या 'सिटिझन केन' मधली केनची आई म्हणजे हीच. हा तिचा पहिला सिनेमा, तेव्हा चाळिशीची होती.

ध्वनिवेडा

वर सगळं आलंच आहे, मी फक्त त्या श्रुतिकेबद्दल लिहितो कारण शेकडो वेळा ऐकलीये (बायको वैतागलीये).

सुरुवातीला ती बाई आपल्याला आवडतच नाही हे लक्षात आलं का? किरकिरी, लाडावलेली, ऑपरेटरवर डाफरणारी, पोलिसांशी बोलतानाही तोरा कायम. दुसरी एखादी नटी असती तर पहिल्या मिनिटापासून बिचारी होऊन बसली असती. मूरहेड तसं करत नाही, ती तुम्हाला कंटाळा येऊ देते, आणि मग तोच तक्रारीचा सूर हळूहळू वर चढत जातो, श्वास तुटायला लागतो, आणि आपण कधी घाबरलो ते कळत नाही. आणि हे सगळं मायक्रोफोनसमोर हातात स्क्रिप्ट धरून, लाइव्ह, रीटेक नाही. नेटवर्कवाले तेव्हा रेकॉर्ड केलेली नाटकं सहसा लावतच नसत, बरेच कार्यक्रम तर पूर्वेकडच्या लोकांसाठी एकदा झाले की तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून करायचे.

आता गंमत म्हणजे मे १९४३ च्या त्या पहिल्या प्रसारणात अगदी शेवटी एक क्यू (नटाने बोलायची खूण) चुकला आणि बऱ्याच जणांना नक्की काय झालं तेच कळेना. ऑगस्टमधे परत सादर केलं. पुढे १९६० पर्यंत 'सस्पेन्स' वरच एकूण आठ वेळा झालं आणि आठही वेळा हीच. पुलावरून ती ट्रेन जाते ना तेव्हाची किंकाळी...

चांदणी_रात्र

अहो ध्वनिवेडा!! मी मुद्दाम शेवट सांगितला नव्हता ना 😀

ध्वनिवेडा

ट्रेन म्हणजे शेवट थोडाच. बरं बरं, गप्प बसतो.

तिकीटबारी

सिनेमाचं उत्तर माझ्या आयडीतच आहे. स्टॅनविक स्टार होती, तिच्या नावावर तिकिटं खपायची, मूरहेड चरित्र अभिनेत्री, संपला विषय. हिच्यावर अन्याय झाला असं सगळे म्हणतात पण मला तेवढं पटत नाही. सिनेमाची पटकथाही मूळ लेखिका ल्युसिल फ्लेचरनेच लिहिली आणि अर्ध्या तासाचं दीड तास करताना त्यात नवरा (बर्ट लँकेस्टर), लग्न, फ्लॅशबॅक असं बरंच घातलं, त्यामुळे फक्त आवाजावर उभं असलेलं काम ते राहिलंच नाही. स्टॅनविकने वाईट केलं नाहीये.

आणि योगायोग बघा, त्याच वर्षी ऑस्करला स्टॅनविकला या रोलसाठी नामांकन आणि मूरहेडला 'जॉनी बेलिंडा' साठी सहाय्यकचं. दोघीही हरल्या, आणि स्टॅनविकला हरवलं कुणी तर 'जॉनी बेलिंडा' च्याच जेन वायमनने! मूरहेडची एकूण चार नामांकनं झाली, ऑस्कर एकदाही नाही. हा मात्र अन्याय, मान्य.

जुना_ट्रान्झिस्टर

तिकीटबारी, दीड तासाबद्दल सहमत, पण स्टॅनविक 'वाईट नाही' एवढंच म्हणता येईल. सिनेमात बाईचा चेहरा दिसतो त्यामुळे तिची कीव लगेच येते, रेडिओवर ती कमवावी लागते. मला सिनेमा अर्ध्यावर बंद करावासा वाटला होता.

@चांदणी_रात्र, 'ट्वायलाइट झोन' या टीव्ही मालिकेचा 'द इन्व्हेडर्स' (१९६१) हा भाग मिळाला तर जरूर बघा. अख्ख्या भागात हिच्या तोंडी एक शब्द नाही, नुसती धाप, विव्हळणं आणि हालचाल. जिने आवाजावर पोट भरलं तिला असला रोल द्यायचं ज्याला सुचलं त्याला दंडवत.

रेडिओ शेवटपर्यंत सुटला नाही हां. १९७४ च्या जानेवारीत 'सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर' सुरू झालं त्याच्या पहिल्याच भागात ही होती, एप्रिलमधे गेली.

चांदणी_रात्र

सगळ्यांचे आभार, 'द इन्व्हेडर्स' आज रात्रीच बघते. मी ऐकलं ते मे चं की ऑगस्टचं ते कसं ओळखायचं? अपलोड करणाऱ्याने फक्त १९४३ लिहिलंय.

ध्वनिवेडा

शेवटचं अर्धं मिनिट परत ऐका, गोंधळ वाटला तर मे चं असणार. लिंक टाका, मी ऐकून सांगतो.