सोनेरी महाल संग्रहालय: सातवीच्या लेकरांना काय, कसं दाखवावं?

प्रश्न (शाळेची सहल)
सातवीची ३५ लेकरं घेऊन संभाजीनगरला यायचं आहे. दिवस एकच. सोनेरी महालातल्या संग्रहालयाला किती वेळ ठेवावा? खापरं-मण्यांपुढे लेकरं थांबत नाहीत, दोन मिनिटांत पुढे पळतात. शिवाय फोटोत नुसती काच चमकते.

लेणीरस्ता
सर, औरंगाबाद लेणी सकाळीच करा, चढण उन्हात नको. महाल तिथून जवळच, विद्यापीठाच्या बाजूला. तो दुपारी ठेवा, वेळ दीड तास. ११-१२ चे तीन गट करा. एक गट आत, बाकीचे इमारत बघतील. ती बघण्यासारखीच आहे: १७व्या शतकाच्या मध्यात बुंदेलखंडच्या पहाडसिंगाने बांधलेली, उंच जोतं, दगड-चुन्याचे दोन मजले. भिंतींवरच्या सोन्याच्या रंगकामावरून हे नाव पडलं. भिंतीला हात मात्र लावू देऊ नका. हाताचं तेल चुन्याच्या गिलाव्यात मुरतं, त्यावर धूळ धरते आणि डाग निघत नाही.

पांढरीची माती
लेकरं पळतात, कारण आपण त्यांना सनावळ्या सांगतो. "हे कसं केलं असेल?" एवढंच विचारा.

पैठण आणि तेर (धाराशिव जिल्हा) इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणारी काळी-तांबडी खापरं घ्या. आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. भट्टीत भांडी पालथी रचली की आत हवा पोचत नाही, तेवढा भाग काळा राहतो. पांढऱ्या मातीच्या मूर्तींच्या कडेला सांधा शोधायला लावा: पुढचा-मागचा भाग वेगवेगळ्या साच्यात काढून जोडलेला असतो, म्हणून मूर्ती आतून पोकळ. अकीकाच्या (एक कठीण रंगीत दगड) मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत, त्यामुळे मधोमध ते किंचित चुकलेलं दिसतं. शंख आडवा कापून बांगड्या करत. एवढ्या चार गोष्टी पुरे, सगळं दालन दाखवायचा हट्ट नको.

नकाशाही न्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचहून पैठण २० दिवसांवर आणि पैठणहून पूर्वेला तेर १० दिवसांवर सांगितलंय. लेकरांना तो रस्ता बोटाने काढू द्या.

काचेमागे
फोटोची परवानगी आधी तिकीट खिडकीवर विचारा. फ्लॅश बंद. मोबाइलची कड काचेला टेकवा आणि मागून काळं कापड धरा. चमक जाते, कारण ती खिडकीची आणि तुमच्या पांढऱ्या शर्टाची असते.

प्रश्न (शाळेची सहल)
आभार. नाण्यांचं काय? सगळी सारखीच दिसतात.

पांढरीची माती
सातवाहनांची बरीच नाणी शिशाची किंवा पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांचा मिश्रधातू), झिजलेली असतात. भिंग न्या. एका बाजूला बहुधा हत्ती, दुसरीकडे चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. कडेला ब्राह्मी या जुन्या लिपीत 'रञो सिरि' (राजाचं, श्री) दिसतं का बघा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून अक्षरं अर्धी कापलेली मिळतात. ही चार अक्षरं आदल्या दिवशी फळ्यावर गिरवून घ्या.