कोर्टाचा निकाल आणि राज्यकर्त्याची जबाबदारी

2002च्या गुजरात दंगलीमागे मोठा कट असल्याचा पुरावा एसआयटीला, म्हणजे विशेष तपास पथकाला, मिळाला नाही, 2022 साली सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं, मग 2002चा विषय संपला, असं तुमचं म्हणणं. निकाल मलाही मान्य आहे. पण कोर्टापुढचा प्रश्न कटाचा होता. मी विचारतोय ते वेगळं: राज्य ज्याच्या हाती, त्याच्या पोलिसांनी माणसं वाचवली का?

आम्ही दांडिया बाजारातले, पणजोबांपासून बडोद्याचे. मी तेव्हा अकरावीत. गच्चीवरून धूर दिसायचा, कर्फ्यू उठला की आई पिशवी घेऊन दुधाला धावायची. 1 मार्चच्या रात्री इथेच, हनुमान टेकरीला, बेस्ट बेकरी पेटवली. 14 माणसं गेली. 2003 मध्ये बडोद्याच्या कोर्टातून सगळे 21 आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानं खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवायला लावला. मुंबईत नऊ जण दोषी ठरले, त्यातल्या चौघांची शिक्षा हायकोर्टातही टिकली. आपल्याच गावात साक्षीदाराला तोंड उघडता येत नाही, याचा जाब फक्त हवालदाराला विचारायचा?

गोध्र्याला रेल्वेच्या डब्यात जळालेली माणसं मी यातून वगळत नाही. त्यांनाही वाचवायलाच हवं होतं.

तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयींनी 4 एप्रिलला अहमदाबादेत, मुख्यमंत्री मोदी शेजारी असताना, राजधर्माची, म्हणजे राज्यकर्त्यानं प्रजेत भेद न करण्याची, आठवण करून दिली. नरेंद्रभाई तेच करताहेत, असंही ते पुढे म्हणाले, हे मला ठाऊक आहे. पण तो शब्द त्यांनी काढला तेव्हा कुठलाच निकाल लागलेला नव्हता.